सॉइलस्केप्स: इंग्लिश पॅरिशची भारी जमीन वाचायला हा मोफत नकाशा कितपत पुरतो?

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचा, तिथल्या भाषेत पॅरिशचा, इतिहास वाचायला घेतला की पहिल्या एक-दोन पानांतच ठरलेलं वाक्य येतं: माती चिकण, खालचा थर चिकण, मुख्य पिकं गहू, बीन्स आणि बार्ली. गावोगावची माहिती देणाऱ्या केलीच्या जुन्या डिरेक्टरीत ते असतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीच्या खंडांतही असतं. वाक्य खोटं नसतं, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. आपल्याकडे 'काळी जमीन' एवढं ऐकून कोणी गप्प बसत नाही. भारी की मध्यम, चुनखडीची की चोपण, निचरा कसा, हे लगेच विचारलं जातं. हेच प्रश्न इंग्लंडच्या चिकणमातीला विचारायचे असतील, तर सगळ्यात आधी उघडावं ते क्रॅनफील्ड विद्यापीठाचं सॉइलस्केप्स.

सॉइलस्केप्स म्हणजे इंग्लंड आणि वेल्सच्या मातीचा पडद्यावर पाहायचा नकाशा. पाहण्याला पैसे नाहीत. सॉइल सर्व्हे ऑफ इंग्लंड अँड वेल्सने १९८३ साली १:२,५०,००० या प्रमाणात राष्ट्रीय मृदा नकाशा सहा पत्रकांत छापला. त्यात मातीचे सुमारे ३०० गट होते. सर्वसाधारण वाचकाला ते झेपणार नाहीत म्हणून त्यांचे २७ प्रकार केले, ते सॉइलस्केप्स. नकाशावर टिचकी मारली की त्या जागेच्या मातीचा पोत, निचरा, सुपीकता, तिथे सहसा दिसणारा जमिनीचा वापर आणि पाणी कुठे उतरतं, एवढं बाजूला वाचायला मिळतं.

गावाच्या नावाने शोधू नका. एकाच नावाची चार-पाच गावं निघतात आणि आपण भलत्याच काउंटीत जाऊन पोचतो. पॅरिश चर्चचा पोस्टकोड टाका. चर्च बहुतेक वेळा जुन्या वस्तीत, म्हणजे आपल्या शब्दांत पांढरीत असतं. तिथून चारी दिशांना सरकत काळी बघत जायचं. गावाची शीव या नकाशावर दिसत नाही, ती दुसरीकडून आणावी लागते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा खात्याची सहा-इंची, म्हणजे मैलाला सहा इंच प्रमाणाची, पत्रकं मोफत आहेत. त्यातली पहिली आवृत्ती घ्या, कारण त्यानंतर पॅरिशच्या हद्दी बऱ्याच ठिकाणी बदलल्या. आजची सिव्हिल पॅरिशची हद्द घेऊन मध्ययुगाबद्दल बोलायला गेलं तर कुरण शेजारच्या गावाच्या खाती पडतं.

चिकणमातीच्या इतिहासासाठी २७ पैकी पाच-सहाच प्रकार महत्त्वाचे. त्यातही ९ आणि १८ यांच्यातला फरक कळला तर निम्मं काम झालं. प्रकार ९ म्हणजे चुनखडीयुक्त, निचरा अडलेली चिकण आणि पोयट्याची जमीन. प्रकार १८ म्हणजे पाणी हळूहळू मुरणारी, हिवाळ्यात पाणथळ होणारी, किंचित आम्ल पण कसदार जमीन. इंग्लंडचा जवळपास पाचवा भाग या १८ मध्येच जातो. डिरेक्टरीत दोन्हींना 'चिकण' एवढंच म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात ९ मध्ये हॅन्सलोपसारखे गट येतात. हिमनदीने खडूचे कण मिसळून आणून टाकलेली ही माती चुन्यामुळे भुसभुशीत राहते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि शरद ऋतूत त्याच भेगांतून पाणी खाली जातं. ईस्ट अँग्लियातल्या आणि आसपासच्या अशा पॅरिशमध्ये गहू शतकानुशतकं टिकला. १८ मध्ये डेंचवर्थ, विंडसर असे गट येतात, म्हणजे ऑक्सफर्ड क्ले, गॉल्ट आणि लंडन क्ले या भूगर्भातल्या चिकणमातीच्या थरांवरची जमीन. इथे वरच्या वीत-दीड वितीखालीच करडी माती आणि तिच्यावर गंजासारखे तांबूस ठिपके लागतात. पाणी साचून राहिल्याची ती खूण. या जमिनीला वाफसा यायला एप्रिल उजाडतो आणि आला तरी तो चार दिवसच टिकतो. त्याआधी औत घातलं तर चिखल घोटला जातो. उशीर झाला तर ढेकळं दगडासारखी होतात, मग कुळव फिरवून काही होत नाही. गव्हाचा भाव उतरला की अशी पॅरिशेस सगळ्यात आधी गवताकडे वळली, ती यामुळेच.

हा फरक मातीचा आहे की बाजाराचा, हे तपासायलाही साधन आहे. गव्हाचा सरासरी भाव १८७७ मध्ये क्वार्टरला (धान्याचं जुनं माप) ५६ शिलिंग ९ पेनी होता, १८९४ मध्ये तो २२ शिलिंग १० पेनीवर आला. लंडनमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एमएएफ ६८ या मालिकेत १८६६ पासूनचे पॅरिशवार शेतीचे आकडे आहेत. १८७१ आणि १८९१ चे आकडे समोरासमोर ठेवा आणि कायमच्या गवताचा रकाना बघा. प्रकार १८ च्या पॅरिशमध्ये तो सहसा ठळकपणे फुगलेला दिसतो. एसेक्सच्या भारी जमिनी तर या काळात ओस पडल्या आणि पुढे स्कॉटलंडहून, खास करून एअरशायरहून, आलेल्या शेतकऱ्यांनी तिथे दूधधंदा बसवला. हे आकडे वापरताना एक सांभाळायचं: जमीन शेतकऱ्याच्या नावावर मोजलेली असते. शेजारच्या पॅरिशमधला त्याचा तुकडा याच पॅरिशमध्ये धरला गेलेला असू शकतो.

नकाशा कमी पडतो तो मोजपट्टीत. १:२,५०,००० म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा अडीचशे मीटर. दोन किलोमीटर रुंदीचं पॅरिश नकाशावर आठ मिलिमीटरचं होतं. कागदी पत्रकावर हे डोळ्यांसमोर राहतं. पडद्यावर मात्र आपण नकाशा मोठा करत जातो आणि रंगांची रेघ थेट कोणाच्या तरी बांधावर येऊन टेकते. ती रेघ तिथे नाही. शिवाय प्रत्येक गट म्हणजे अनेक मातींचं मिश्रण असतं, नाव फक्त त्यातल्या प्रमुख मातीचं. क्रॅनफील्डच्याच लँडिस संकेतस्थळावरच्या सॉइल्स गाइडमध्ये ४११डी हॅन्सलोप, ७१२बी डेंचवर्थ असे मूळ गट एकेक करून वाचायला मिळतात आणि सोबत कुठल्या माती असतात तेही कळतं. ४११ ने सुरू होणारे गट चुनखडीच्या भेगाळ चिकणमातीचे, ७१२ चे पृष्ठभागावर पाणी साचवणारे. सॉइलस्केप्सवर पॅरिश बघून झालं की ही पानं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोजपट्टीमुळे काय निसटतं ते बकिंगहॅमशायरमधल्या मंक्स रिझबरोवर स्वच्छ दिसतं. हे चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याचं लांब, अरुंद पट्टीसारखं जुनं पॅरिश. त्याच्या शिवेचं वर्णन इसवी सन ९०३ च्या सनदेत आहे आणि त्यातलं 'काळं कुंपण' आजही ओळखता येतं. आउल्सविक, मीडल या वाड्या खाली चिकणमातीच्या सखल भागात. तिथून चढत गेलं की गॉल्ट क्लेनंतर अप्पर ग्रीनसँड या वालुकामय खडकाची चिंचोळी पायरी, मग खडूचा कडा आणि अगदी वर पुन्हा चिकणमाती, पण वेगळी. ग्रीनसँडची पायरी रुंदीला थोडीच, तरी गावाला सगळ्यात सोयीची, कारण जमीन निचऱ्याची आणि झरे जवळ. एवढी बारीक पट्टी १:२,५०,००० वर मावत नाही. फक्त सॉइलस्केप्स पाहून बसलेल्या माणसाला गाव नेमकं इथेच का वसलं ते कळणार नाही. पट्टीसारख्या आकाराचं कारण मात्र लगेच कळतं. एकाच शिवेत खाली कुरण आणि भारी जमीन, मध्ये वस्ती आणि नांगरट, कड्यावर मेंढ्यांची चराई, माथ्यावर लाकूड. पायथ्याशी ओळीने अशीच पॅरिशेस आहेत.

ही निसटलेली पट्टी पाहायला ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा जिऑलॉजी व्ह्यूअर उघडावा. तो १:५०,००० चा, म्हणजे पाचपट बारीक, आणि मोफत आहे. वापरताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे फक्त तळखडकाचा थर सुरू ठेवणं. मंक्स रिझबरोच्या माथ्यावर तळखडक 'चॉक' दिसतो आणि माणूस समजतो, जमीन खडूची आहे. वरच्या निक्षेपांचा थर सुरू केला की तिथे 'क्ले-विथ-फ्लिंट्स' उमटतं, म्हणजे गारगोट्या मिसळलेली आम्ल चिकणमाती. तिथे जंगल का राहिलं आणि खड्डे खणून खालचा खडू वर आणून शेतात का पसरत, ते यातून कळतं. दुसरी चूक शब्दांची. पूर्व इंग्लंडमध्ये जिला सगळे बोल्डर क्ले म्हणतात ती या नकाशावर 'लोस्टॉफ्ट फॉर्मेशन, डायामिक्टन' अशी येते. नॉटिंगहॅमशायरची तांबडी चिकणमाती जुन्या पुस्तकांत 'क्यूपर मार्ल' आहे, इथे 'मर्शिया मडस्टोन'. 'क्ले' शब्द शोधत बसलात तर अर्धी चिकणमाती नजरेआड होईल.

मग भूगर्भाचाच नकाशा पुरे, सॉइलस्केप्स कशाला? कारण नांगर खडकात चालत नाही. शेतकऱ्याला वरच्या तीन-चार फुटांशी काम असतं आणि ते सॉइलस्केप्सच सांगतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून वाचायचे, आणि जिथे ते एकमेकांशी जुळत नाहीत तिथे जास्त वेळ द्यायचा.

सॉइलस्केप्सच्या माहितीतला 'जमिनीचा वापर' हा रकाना इतिहास लिहिताना बाजूलाच ठेवावा. 'गवत आणि शेती, काही जंगल' असं तिथे लिहिलेलं असतं ते त्या प्रकाराच्या देशभरातल्या जमिनीबद्दल, तुमच्या पॅरिशबद्दल नव्हे. निचऱ्याचंही तसंच. नकाशा जमिनीचा मूळ स्वभाव सांगतो. माणसाने तिच्याखाली काय पुरलं ते त्यात नाही, आणि भारी जमिनीचा निम्मा इतिहास जमिनीखालीच आहे.

इंग्लंडमध्ये विटांवर १७८४ पासून कर होता. शेतातल्या निचऱ्याच्या कौलांना १८२६ च्या कायद्याने त्यातून सूट मिळाली, अट एवढीच की कौलावर 'ड्रेन' हा शब्द ठसवलेला असावा. कर १८५० मध्ये उठला आणि ठसाही गेला. नांगरटीत घोड्याच्या नालेच्या आकाराचा भाजलेल्या मातीचा तुकडा वर आला आणि त्यावर हा ठसा असला, तर ते कौल १८२६ ते १८५० च्या दरम्यानचं. एवढी नेमकी तारीख जमिनीखालून क्वचितच मिळते. कौलाची ती कमान सपाट तळावर बसवायची. तळ नसला तर ओल्या मातीत कडा रुतत आणि मार्ग बंद होई. १८४३ मध्ये डर्बीच्या कृषी प्रदर्शनात जॉन रीडने गोल नळ्या मांडल्या, १८४५ च्या सुमारास थॉमस स्क्रॅगच्या यंत्राने त्या स्वस्तात निघू लागल्या आणि १८४६ च्या कायद्याने जमीनमालकांना निचऱ्यासाठी सरकारी कर्ज मिळू लागलं. पॅरिशमध्ये सहा-इंची नकाशावर 'ब्रिक अँड टाइल वर्क्स' किंवा 'ओल्ड क्ले पिट' लिहिलेलं दिसलं तर आधी हा धागा तपासा. ती भट्टी घरांसाठी होती की शेतांसाठी, हे तारखेवरून बऱ्याचदा कळतं.

नळ्यांशिवायचा मार्ग मोल नांगराचा. बंदुकीच्या गोळीसारखं लोखंडी टोक ५० ते ६० सेंटिमीटर खोलीवरून ओढत न्यायचं, मागे चिकणमातीतच बीळ तयार होतं. दोन बिळांत दोन ते तीन मीटर अंतर. मातीत निदान ३० टक्के चिकण कण हवेत आणि वाळूचे खिसे नकोत, नाहीतर बीळ ढासळतं. खालची माती ओलसर-लवचीक आणि वरची कोरडी, अशी वेळ साधावी लागते. खालीच चिखल असेल तर बीळ लिंपून बंद होतं. साधलं तरी पाच-दहा वर्षांनी पुन्हा काढावं लागतं. आज प्रकार १८ वर हिरवा गहू उभा दिसला तर त्यामागे अशी कामं आणि दुसऱ्या महायुद्धातली गवत मोडून नांगरण्याची मोहीम असते. १९३० च्या दशकातली स्थिती पाहायची तर भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांच्या लँड युटिलायझेशन सर्व्हेची (जमीन-वापराच्या पाहणीची) पत्रकं व्हिजन ऑफ ब्रिटन या संकेतस्थळावर आहेत. तपकिरी म्हणजे नांगरट, फिकट हिरवं म्हणजे गवत. भारी जमिनीच्या पॅरिशमध्ये तो हिरवा रंग दूरवर पसरलेला दिसतो.

त्याही मागे जायचं तर सरी-वरंबे. आपल्या उसाच्या सरीसारखे नाहीत. मध्ययुगीन वरंबा साधारण पाच ते दहा मीटर रुंद आणि फर्लांगभर, म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास, लांब. दरवर्षी माती आतल्या बाजूला पलटत नांगरल्याने मधला भाग उंचावत गेला आणि मधल्या सरीतून पाणी वाहून जाऊ लागलं. नळ्या येण्याआधी चिकणमातीचा निचरा मुख्यतः हाच. आठ बैलांचं औत शेताच्या टोकाला वळवायचं तर आधीपासूनच कड धरावी लागे, म्हणून वरंबा उलट्या 'एस' अक्षरासारखा वाकलेला दिसतो. सरळ आणि अरुंद वरंबे दिसले तर ते बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. इथे सॉइलस्केप्सचा काही उपयोग नाही. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं एक मीटर बारकाव्याचं लायडार, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीचे चढउतार मोजून केलेलं चित्र, बघा, स्कॉटलंडच्या त्याच ग्रंथालयाच्या नकाशा-दर्शकात तो थर घालता येतो. आज गवताखाली गेलेली मिडलंड्सची भारी जमीन एकेकाळी नांगराखाली होती, हे त्या करड्या चित्रात अक्षरशः उठून दिसतं. आम्हाला तरी या सगळ्या साधनांत हेच पाहताना सर्वांत जास्त आनंद होतो.

नावांसाठी टाइद अपोर्शनमेंट, म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यायच्या दशमांश धान्याऐवजी रोख रक्कम ठरवताना केलेली यादी. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला ती अनोळखी वाटणार नाही: मालक, कसणारा, तुकड्याचा क्रमांक, शेताचं नाव, लागवड, क्षेत्र, आकार. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये असतं. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. म्हणजे एक रूड दहा गुंठ्यांचा आणि चार पर्चचा एक गुंठा, हिशेब तंतोतंत बसतो. शेतनावांत 'क्ले फर्लांग' सरळच आहे, पण 'कॅट्सब्रेन' म्हणजे खडे मिसळलेली चिकणमाती हे माहीत नसेल तर सुटतं. आर्काइव्हजमध्ये याद्या आयआर २९ मध्ये, नकाशे आयआर ३० मध्ये. आयआर १८ मधल्या फाइली मात्र लोक उघडतच नाहीत. त्यांत अनेकदा दशमांश ठरवणाऱ्या कमिशनच्या माणसाने जागेवर जाऊन लिहिलेलं माती आणि पिकांचं वर्णन असतं. सॉइलस्केप्सची रेघ पडताळायला त्याहून चांगला साक्षीदार नाही. एक खंत राहते. नॉर्थॅम्प्टनशायर, लेस्टरशायर अशा भारी जमिनीच्या काउंट्यांत संसदेच्या कायद्याने शेतांची वाटणी होतानाच दशमांश मिटवले गेले. त्यामुळे जिथे ही यादी सर्वांत जास्त हवी, तिथल्याच कित्येक पॅरिशची ती नाही. तिथे वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा काउंटीच्या दप्तरखान्यात शोधायचा.

सुरुवात करणाऱ्याने पहिलं पॅरिश लॅक्सटन घ्यावं, नॉटिंगहॅमशायरमधलं. तिथे आजही तीन मोकळी, म्हणजे कुंपण न घालता अनेकांनी पट्ट्यापट्ट्यांनी कसायची, शेतं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. पेरा पाळीने फिरतो आणि देखरेखीला कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुन्या परंपरेचं न्यायमंडळ, आहे. १६३५ चा मार्क पियर्सचा नकाशाही आहे. माती मर्शिया मडस्टोनवरची, भारी. सॉइलस्केप्स, भूगर्भ, लायडार आणि १६३५ चा नकाशा एकामागून एक पाहिले की कुठलं साधन कशाचं उत्तर देतं याचा अंदाज एका दुपारीत येतो.

पाचपैकी चार गुण द्यावेत असं हे साधन आहे. पॅरिशची शीव आणि मूळ गटाचं नाव त्याच पडद्यावर मिळालं असतं तर पाचही दिले असते. घर घेण्याआधी पाया खचेल का हे पाहायला मात्र यावर विसंबू नका. लंडन क्ले किंवा ऑक्सफर्ड क्लेवरच्या एका प्लॉटचा निर्णय या मोजपट्टीवर होत नाही, त्याला जागेवरची तपासणी लागते.

इतिहासालाही शेवटी जागेवरच जावं लागतं. शेतकऱ्याची परवानगी घ्या. हिवाळा संपताना जा. हातगिरमिटाने मीटरभर खोल माती काढा आणि निघालेले तुकडे क्रमाने फळीवर मांडा. प्रत्येक तुकड्यातली चिमूट ओली करून मळा. तीन मिलिमीटर जाडीची दोरी वळली गेली आणि तिचं कडं करताना ती तुटली नाही, तर माती चिकण. अंगठ्याने घासल्यावर ती चकाकेल. तांबूस ठिपके किती खोलीवर सुरू होतात ते फुटपट्टीने मोजून लिहा. चुन्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका: फसफसली तर प्रकार ९ च्या बाजूची, शांत राहिली तर १८ ची. दर शंभर पावलांवर एक भोक, चिकणमातीच्या कडेजवळ दर वीस पावलांवर. नकाशावरची रेघ शेतात कुठे पडते ते या वहीवरूनच ठरवायचं.